मिनिटाला चाळीस थेंब

आमच्या घरी आम्ही दोघंही पगार घेऊन थेंब मोजतो.

कुंदा, म्हणजे माझी बायको, चंद्रपूरच्या एका सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं सिस्टर होती. सलाइन लावलं की मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून ती मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायची. मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात सव्वीस वर्षं पंपांच्या मेंटेनन्सला आहे. मीही तसंच घड्याळ धरून थेंब मोजतो. फरक इतकाच, की तिच्या पेशंटला भेटायला नातेवाईक येतात.

माझे थेंब कसले, ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. (ज्यांना पंपात रस नाही त्यांनी एवढा भाग गाळला तरी चालेल. माझ्या घरी सगळे गाळतात.) जुन्या घडणीच्या मोठ्या पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथं वेणीसारखं पॅकिंग ठासून भरलेलं असतं. त्या जागेला आम्ही ग्लँड म्हणतो. ग्लँडमधून पाणी थेंब थेंब गळलंच पाहिजे, कारण त्या पाण्यानंच पॅकिंग थंड राहतं. नवा माणूस कामावर आला की हमखास ती गळती पाहून पाना घेऊन धावतो, ग्लँड आवळून थेंब बंद करतो आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहतो. अर्ध्या तासात पॅकिंग जळून धूर निघतो. मग मी त्याला बाजूला घेऊन सांगतो, “थेंब आहे तोवर पंप जिवंत आहे.” हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे, की वीज केंद्राच्या फाटकाबाहेर वेगळ्या जातीचे पंपही असतात हे मी विसरून गेलो.

गाडी घेतली तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो, आणि अशा गोष्टींसाठी हे वय फार धोक्याचं असतं. कोरपन्याच्या एका ठेकेदाराच्या मुलानं हौसेनं स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल रंग, दोन दारं, दोनच सीट, आणि उंची इतकी कमी की पुढच्या सिमेंटच्या ट्रकवाल्याला ती आरशातही दिसायची नाही. कोरपन्याचे रस्ते आणि ही गाडी यांचं जमणार नाही, हे त्या मुलाला वर्षभरात पटलं. मला पटलं नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, घरात आम्ही दोघंच, तेव्हा दोन सीटची गाडी म्हणजे अगदी हिशेबातली गोष्ट आहे असं मी कुंदाला समजावलं.

कुंदा पहिल्यांदा आत बसली आणि म्हणाली, “यात बसाचं नाई, निजाचं असते.” उतरताना आधी तिचा एक हात बाहेर आला, मग पर्स, मग पाय, आणि बऱ्याच वेळानं बाकीची कुंदा. वसाहतीतल्या प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडायचं. म्हणून मी गतिरोधक तिरका ओलांडायचो आणि समोरून येणारे सायकलवाले आदरानं थांबायचे. निदान मी तो आदर समजायचो.

पुढे गाडीचा बेल्ट बदलायची वेळ आली. बल्लारपूर रोडवर बब्बूभाई नावाचा मिस्त्री आहे. हात सोन्याचा, पण बोलतो फार. त्यानं पुढचं सगळं सामान खोलून जमिनीवर मांडलं आणि मला बोलावलं.

“साहेब, एवढं खोलूनच राह्यलो तं वॉटर पंप भी नवा टाकून देतो. बेल्टचं अन् त्याचं वय एकच हाय. आज नाई बदलला तं चार महिन्यानं हे सारं पुन्हा खोलाव लागते.”

“बब्बूभाई, मी काय काम करतो, तुले माहीत हाय ना?”

“हाव ना. मोठेमोठे पंप पाहता.”

“मंग मले पंप नको शिकवू.”

बब्बूभाईनं शांतपणे हात पुसले. “ठीक हाय. पर एक ध्यानात ठेवा. या पंपाच्या पोटाखाली एक बारीक छेद रायते. आतलं सील गेलं का तिथून पानी टपकते. टपकलेलं दिसलं, का गाडी थेट इथी आणाची. मंग विचार नाई कराचा.”

स्पोर्ट्स कारचा पंप केव्हा बदलावा याबद्दल जगात जेवढं ज्ञान आहे, तेवढं त्या माणसानं मला उभ्याउभ्या देऊन टाकलं. मी त्या वेळी मोबाइलवर गाडीचे फोटो पाहत होतो.

बब्बूभाईचा अंदाज एका महिन्यानं चुकला. पाचव्या महिन्यात, मे लागला तेव्हा, पोर्चमध्ये गाडीखाली हिरवट पाण्याचा डाग दिसायला लागला. पहिल्यांदा कुंदानं पाहिला. ती झाडायला म्हणून खाली वाकली होती.

“अहो, तुमच्या गाडीखाली पाणी पडून राह्यलं.”

मी गाडी चालू केली, पोटावर झोपलो, आणि टॉर्च मारला. पंपाच्या बुडातून टप, टप, टप. एका लयीत. इतकं सुंदर गळणं मी आमच्या प्लांटमध्येही क्वचित पाहिलं होतं. मी घड्याळ धरलं आणि मोजलं. मिनिटाला चाळीस.

“कुंदा, पुस्तकात लिहिलं तसा पंप हाय हा,” मी झोपूनच म्हणालो. “मिनिटाले चाळीस. एक जास्त नाई, एक कमी नाई.”

कुंदा झाडू टेकवून उभी होती. “वीस थेंबाचं एक एमएल होते,” ती म्हणाली. “मिनिटाले चाळीस म्हणजे दोन एमएल. अर्ध्या लिटरची बाटली चार तासात खाली. तुमच्या गाडीत किती बाटल्या मावते?”

“अवं, ते सलाइन असते. हे ग्लँड हाय.”

“सलाइन आत जाते. हे तं बाहेर येऊन राह्यलं.”

“म्हणून तं चांगलं हाय.”

तिनं माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाहेर राहिलेल्या पायांकडे, थोडा वेळ पाहिलं आणि डागापुरती जागा सोडून बाकीचा पोर्च झाडला. मी रोज सकाळी पाण्याची टाकी वरपर्यंत भरायला लागलो. रोज भरावी लागते याचा अर्थ काय, हे दुसऱ्या कोणाच्या गाडीबद्दल असतं तर मी एका दमात सांगितलं असतं.

त्याच महिन्यात कुंदाच्या बढतीचा आदेश आला. बावीस वर्षांनी ती वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होणार होती, कुरखेड्याला. खरं तर सहा वर्षांपूर्वीही आदेश आला होता. तेव्हा मुलीची दहावी आणि माझी शिफ्ट असं काय काय सांगून मी तिला तो सोडायला लावला होता. तिनं सोडला, आणि त्यावर नंतर एक शब्दही काढला नाही. (एक शब्दही न काढणं म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना माहीत असतं.) या वेळच्या आदेशात सरळ लिहिलं होतं, की ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत रुजू न झाल्यास बढतीला नकार आहे असं समजण्यात येईल. कुंदानं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि ती पर्समध्ये ठेवली.

“सकाळी सातच्या बसनं जातो,” ती म्हणाली. “ब्रह्मपुरीले बदलीन, मंग वडशावरून कुरखेडा. दोनपर्यंत पोचतो.”

“बसनं? इन्चार्ज सिस्टर लालपरीतून धक्के खात उतरंन? आपली लाल गाडी काऊन घेतली मंग?”

“तिच्यातून पाणी पडते.”

“पडते म्हणूनच तं भरोसा हाय.”

सहा वर्षांपूर्वीचं काहीतरी फेडावं असं मला मनापासून वाटत होतं. तिला कुरखेड्याच्या दवाखान्याच्या दारात ऐटीत उतरवायचं आणि तिथल्या लोकांनी वळून पाहायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. पुढे लोकांनी वळून पाहिलं, ते स्वप्न तेवढं पूर्ण झालं. शेवटी कुंदा तयार झाली. का झाली, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

साडेनऊला आम्ही निघालो. नवतपा चालू होता. ज्यांना आमच्याकडचा नवतपा माहीत नाही त्यांना सांगतो, हे मे महिन्याच्या अखेरीला सुरू होणारे नऊ दिवस असतात आणि त्यांत चंद्रपूरचा माणूस कामाशिवाय घराबाहेर पडत नाही, मांजर कामासाठीही पडत नाही. कुंदानं मांडीवर पर्स धरली होती आणि पायाशी पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. मागे सामानाला जागा म्हणून कंपनीनं जी फट ठेवली होती तिच्यात तिच्या दोन साड्या आणि चप्पल कशीबशी बसली.

मूल गावाच्या अलीकडे पुढून कुईं कुईं असा आवाज यायला लागला.

“हे काय वाजते?” कुंदानं विचारलं.

“बेअरिंग हाय. गरम झालं की गाते.”

“कण्हून राह्यलं वाटते मले.”

मूल गेलं, दोन्ही बाजूंनी जंगल लागलं, आणि गाडीत एक गोडसर वास भरला. गुळाचा पाक उतू गेल्यासारखा. मी छाती भरून श्वास घेतला. “पाह्य, कोणीतरी मोहफुलं वाळत घातली असंन.”

“मोह चैतातच सरला,” कुंदा म्हणाली. तिचं माहेर ब्रह्मपुरीकडचं. मोह कधी पडतो आणि कधी सरतो ते तिला मी शिकवायची गरज नव्हती. “अन् मोहाचा वास असा नसते. वार्डात साखरेचा पेशंट वाईट झाला, का त्याच्या तोंडाले असा गोड वास येते. तवा आमी पळतो.”

मी काच खाली केली. भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा आत आली, म्हणून मी काच पुन्हा वर केली. वासाबद्दलची चर्चा तिथं थांबली.

सिंदेवाहीला चहासाठी थांबलो. चहा येईपर्यंत कुंदा गाडीपाशी जाऊन वाकून पाहत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा राउंडवरून परतलेल्या सिस्टरचा झाला होता.

“थेंब बंद झाले.”

मी जाऊन पाहिलं. खाली कोरडं ठणठणीत. आता माझ्या शिकवणीप्रमाणे थेंब थांबले म्हणजे पंप मेला. पण सिंदेवाहीच्या चहाच्या टपरीवर, मांडीवर आदेश घेऊन बसलेल्या बायकोला हे कसं सांगणार? मी दुसरं कारण शोधलं. ते मला लगेच सापडलं, आणि असं लगेच सापडणं हाच माझ्या स्वभावातला मोठा दोष आहे.

“सील बसलं,” मी म्हणालो. “रनिंगमध्ये कधी कधी आपोआप बसते. आता काई चिंता नाई.”

कुंदानं चहाचा कप खाली ठेवला. “पडत होतं तवा चांगलं. नाई पडत तवाबी चांगलं. मंग वाईट केव्हा असते?”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दुसरा चहा मागवला.

“आमच्याकडे थेंब थांबला का बाटली संपली असं समजतो,” ती म्हणाली. “निदान टाकी तं पाहा.”

“गरम असताना उघडाची नसते. भाजते.”

(हे मी म्हणालो. सिंदेवाहीला. साडेअकरा वाजता. पुढच्या हकिकतीत याची फार गरज आहे म्हणून नोंदवून ठेवतो.) आणि थंड व्हायला तासभर थांबायची माझी तयारी नव्हती, कारण थांबलो असतो तर काहीतरी बिघडलं आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. आम्ही निघालो.

ब्रह्मपुरीच्या पुढे तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एका जागी थांबून मी तो खाली येण्याची वाट पाहिली, निघालो, तो पुन्हा चढला, पुन्हा थांबलो. असं करत करत दीड तास गेला. मग मला जुनी युक्ती आठवली. गाडी तापली की आतला हीटर लावायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत येते आणि इंजिन हलकं होतं. युक्ती खरी आहे. फक्त ज्यानं शोधली तो नवतप्यात वडशाकडे निघाला नसावा.

मी हीटर लावला. बाहेर वणवा, आत चूल. कुंदानं पदर ओला करून डोक्यावर घेतला. वडशाच्या पुढे पाचेक किलोमीटर झाल्यावर मात्र चमत्कार झाला. हीटरमधून येणारी हवा एकाएकी निवली, आणि लालेलाल भागात गेलेला काटा सरसर खाली येऊन तळाला टेकला.

“पाह्य, उतरला!” मी स्टिअरिंगवर थाप मारली. “मी म्हणत होतो का नाई?”

कुंदानं काट्याकडे पाहिलं, हीटरच्या जाळीपुढे हात धरला, आणि हळूच म्हणाली, “एवढा चढलेला ताप असा एकदम उतरला, अन् अंग थंड पडलं, का आमी डॉक्टरले बोलावतो.”

तिचं बरोबर होतं. इंजिनातलं पाणी पूर्ण संपलं होतं. हीटरमध्ये यायला गरम पाणी नव्हतं, आणि काट्याचं सेन्सर पाण्यात बुडायच्या ऐवजी रिकाम्या पोकळीत लोंबत होतं. दुसऱ्याच्या मशीनवर हे मी झोपेत ओळखलं असतं. माझ्या गाडीत मी आनंदानं दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेलो. चौथ्यात जाण्याआधी पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे आवाज आले, गाडी दोनदा अडखळली, आणि रस्त्याच्या कडेला एका तेंदूच्या झुडपाशेजारी कायमची बसली. पावणेतीन वाजले होते. कुरखेडा अठरा किलोमीटर होतं. मोबाइलला रेंज नव्हती.

आता जे घडलं ते सांगायला आजही जड जातं. पाच मिनिटांत मागून बस आली. कुरखेड्याची. लाल. लालपरीच. ड्रायव्हरनं आपण होऊन थांबवली आणि कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

“काय जी, बंद पडली का? बसता का? यानंतरची पाच वाजता हाय.”

कुंदानं पर्स उचलली होती. तिचा एक पाय गाडीच्या बाहेर होता. (त्या गाडीतून बाहेर पडायला वेळ लागतो हे मी आधी सांगितलं आहे.) आणि मी, सव्वीस वर्षांचा अनुभव घेऊन रस्त्यात उभा असलेला मी, कंडक्टरला हात दाखवून म्हणालो, “नाई, नाई, चला तुमी. जरासी गरम झाली. दहा मिनिटात निघतो.”

बस गेली. कुंदाचा दुसरा पाय बाहेर येईपर्यंत ती वळणाआड दिसेनाशी झाली होती.

कुंदा रस्त्यात उभी राहून त्या रिकाम्या वळणाकडे पाहत राहिली. मग तिनं पर्समधून पिशवी काढली, पिशवीतून पिशवी काढली, कागद आहे याची खात्री केली आणि पुन्हा ठेवला. ती म्हणाली, “सहा वर्षाआधी तुमी सांगतलं तवा मी सोडली. आज मी नाई सोडली, जी. आज तुमी सोडून राह्यले.”

मला इतकी लाज वाटली, की काहीतरी ताबडतोब दुरुस्त केलं पाहिजे असं झालं. अशा वेळी माणसानं बायकोशी बिघडलेलं दुरुस्त करता येतं का ते पाहावं, गाडीला हात लावू नये. मी बॉनेट उघडलं, रुमाल गुंडाळला, आणि टाकीचं झाकण फिरवलं. टाकीत पाणी नव्हतं, नुसती वाफ होती. ती माझी वाट पाहत असावी. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून निघाला आणि मी जो आवाज काढला त्यानं झाडावरची वानरं पांगली.

कुंदा धावत आली. रागावलेली बायको आणि कामावरची सिस्टर या दोन वेगळ्या व्यक्ती असतात हे मी त्या दिवशी पाहिलं. तिनं माझी अंगठी काढली, हात सरळ धरला, आणि बाटलीतलं पाणी बारीक धारेनं त्यावर सोडायला लागली.

“कुंदा, थांब,” मी कण्हत म्हणालो. “ते पाणी गाडीत टाकलं तं दोनचार किलोमीटर...”

“चूप बसा.”

दोन्ही बाटल्या माझ्या हातावर संपल्या. गाडीला एक थेंब मिळाला नाही.

सव्वातीनला मागून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत तेंदूपत्त्याची पोती आणि त्यांवर एक बाई बसलेली. चालवणारा पन्नाशीचा, काळासावळा, डोक्याला गमछा. त्यानं ट्रॅक्टर उभा केला आणि जोहार घातला. नाव मडावी. मागच्याच एका जंगलातल्या गावचा, कुरखेड्याला चालला होता. बाई त्याची बायको. तीही पोत्यांवरून उतरली, उघड्या बॉनेटपाशी गेली, आत डोकावली आणि नवऱ्याला गोंडीत काहीतरी म्हणाली. त्यातला “येर” एवढा एकच शब्द मला कळला. येर म्हणजे पाणी.

“ती म्हणते, यात पाणी नाई,” मडावी भाऊ म्हणाला.

मी मान हलवली. तिला ते कळायला चार सेकंद लागले होते. मला अख्खा मे महिना.

मडावी भाऊनं पंपाखालचा हिरवा-पांढरा थर बोटानं खरवडून पाहिला. “हे बम दिवसाचं, लय आधीपासून गळून राह्यलं, भाऊ. आमच्या धानावरच्या इंजिनाले असंच झालं होतं. गळाले लागलं तवाच पंप बदलाव लागते. आमी नाई बदलला, मंग इंजिन गेलं.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं समजूत घातली, “आपन गावातले लोक, आपल्याले मशीनचं काय समजते.”

कुंदानं दुसरीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती हे मला पक्कं माहीत आहे.

“भाऊ,” ती वळून म्हणाली, “मले पाचच्या आत कुरखेड्याच्या दवाखान्यात हजर व्हाव लागते. नाई झाली तं माह्यी बढती गेली.”

मडावी भाऊनं घड्याळ पाहिलं नाही, आकाशाकडे पाहिलं. “होते,” तो म्हणाला. “बसा.”

कुंदा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली, पर्स पोटाशी. ट्रॉलीमागे दोर बांधला, दोराच्या टोकाला माझी स्पोर्ट्स कार, आणि कारमध्ये एका हातानं स्टिअरिंग धरून मी. त्या गाडीचा ताशी वेग किती आहे ते मी ऊर्जानगरात कित्येकांना सांगितलं होतं. त्या दिवशी ती ताशी बारानं पळाली. समोर मला फक्त तेंदूपत्त्याची पोती दिसत होती आणि त्यांवर बसून माझ्याकडे टक लावून पाहणारी मडावी बाई. अठरा किलोमीटर तिनं नजर काढली नाही.

मी मात्र घड्याळ पाहत होतो. चार वाजले. सव्वाचार. एका नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, दोर तुटला. कुंदानं उतरून स्वतः गाठ मारली, दवाखान्यातली, न सुटणारी. साडेचार. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही, पण तेव्हा मागितलं. गाडी जाऊ दे, हात जाऊ दे, तिची सही होऊ दे.

पाचला आठ मिनिटं असताना आम्ही दवाखान्याच्या फाटकात शिरलो. आधी ट्रॅक्टर, मग पोती, मग मडावी बाई, मग दोर, आणि सगळ्यांत शेवटी लाल स्पोर्ट्स कार. अख्खा दवाखाना बाहेर आला. अपघात झाला असं समजून दोघं स्ट्रेचर घेऊन धावले आणि मडगार्डवरून उतरणाऱ्या, धुळीनं माखलेल्या कुंदाला त्यावर घ्यायला लागले.

“मी पेशंट नाई,” कुंदा म्हणाली. “मी तुमची नवी इन्चार्ज. ऑफिस कुठी हाय?”

ती धावत गेली. पाचला तीन मिनिटं असताना तिची सही झाली, हे मला ती परत आली तेव्हाच्या चालण्यावरून समजलं. बावीस वर्षांत मी तिला असं चालताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात फार दुखत होता असं मी सगळ्यांना सांगितलं. मडावी भाऊनं चहाही घेतला नाही. “पाह्य, पोचली का नाई बाई,” एवढं म्हणून तो पोती घेऊन निघून गेला.

नव्या जागेवर कुंदाची पहिली केस मीच. तिनं मला बाकावर बसवलं आणि हाताला मलम लावून पट्टी बांधायला घेतली. शेजारी एक तरुण सिस्टर रजिस्टर उघडून बसली होती. आजूबाजूला स्टाफ, पेशंट आणि पेशंटचे नातेवाईक मिळून पंधरावीस माणसं गाडी पाहून आता मला पाहायला जमली होती. नाव झालं, वय झालं, इजा कशानं झाली तेही झालं. तिथं कुंदानं सांगितलेलं “वाफ” एवढंच लिहिलं गेलं, यात तिचा मोठेपणा.

“व्यवसाय?” त्या मुलीनं विचारलं. “साहेब काय करते, सिस्टर?”

“पंपाचं काम पाहते,” कुंदा पट्टीवरून नजर न काढता म्हणाली. “सव्वीस वर्षं झाली.”

“हो का? कोणत्या पेट्रोल पंपावर असते?”

पट्टी गुंडाळणारा कुंदाचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर ती लाल गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती, पंधरावीस माणसं उत्तराची वाट पाहत होती, आणि पंपाच्या बाबतीत योग्य वेळी योग्य निर्णय घ्यायची संधी मला त्या दिवसात पहिल्यांदाच मिळाली.

“मूल रोडवरच्या,” मी म्हणालो.